वेळेचा खरा हिशेब

॥ श्रीराम समर्थ ॥



आजचा पाठ : दासबोध, दशक अकरावा, समास तिसरा.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री मामेबहिणीचा फोन आला. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राहते कामशेतला. रोज लोकलने जाऊन-येऊन करते. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला होता आणि दोन विषय राहिले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, "दादा, मी दिवसभर धावतेय रे. पण अभ्यासाला वेळच मिळत नाही. बाबा म्हणाले, झेपत नसेल तर एक वर्ष घरी बस. मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

मी नेहमीचं काहीतरी बोललो. वेळापत्रक कर, पहाटे ऊठ, मोबाईल बाजूला ठेव. ती म्हणाली, "केलंय सगळं. चार दिवस टिकतं, मग ये रे माझ्या मागल्या."

फोन ठेवला आणि लक्षात आलं की मी तिला जे सांगितलं, ते मला स्वतःला त्या वयात कधीच जमलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी नेहमीचा क्रम सोडून हा समास काढून बसलो. आजचं चिंतन कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. त्यांच्या आईवडिलांनीही वाचलं तर बरंच.

समास काय सांगतो

या समासाचं नाव शिकवण निरूपण. दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. त्यातले कितीतरी समास ब्रह्म, माया, विवेक यांवर आहेत, पण इथे समर्थ अगदी घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे दिवसाचा क्रम सांगतात. पहाटे उठावं, काही पाठ करावं. बाहेरून येताना रिकाम्या हाताने येऊ नये. थोडं खाऊन आपल्या उद्योगाला लागावं, लोकांशी गोड बोलावं. ज्याचा जो व्यवसाय असेल त्यात सावध असावं, लक्ष दुसरीकडे असेल तर लहान पोरसुद्धा आपल्याला फसवेल. माणूस चुकतो, विसरतो, हातातलं घालवतो आणि आठवण झाली की चरफडत बसतो, हे सगळं लक्ष नसल्याचं फळ, असं ते म्हणतात. जेवणानंतर वाचन आणि चर्चा, मग एकांतात जाऊन वाचलेल्यावर विचार. आणि एकही क्षण वाया जाऊ न देणं हे भाग्यवान माणसाचं लक्षण.

हे शेवटचं वाक्य ऐकलं की आपण घाबरतो. आपल्याला वाटतं, म्हणजे सतत काहीतरी करत राहायचं. मीही बरीच वर्षं तसाच अर्थ घेत होतो. पण समास पुन्हा वाचला तर दिसतं की त्या दिनक्रमात खाणं आहे, गप्पा आहेत, एकटं बसणंही आहे. क्षण वाया जाणं म्हणजे विश्रांती घेणं नव्हे. तो कुठे गेला हे आपल्याला माहीतच नसणं म्हणजे वाया जाणं. आज मला एवढंच सांगायचंय : वेळेचं नियोजन वेळापत्रकापासून सुरू होत नाही, ते खऱ्या हिशेबापासून सुरू होतं. वेळापत्रक आपण बहुतेक वेळा आपल्याला जसं व्हायचंय त्या माणसासाठी बनवतो. पाळायचं असतं मात्र आपण आज जसे आहोत त्या माणसाला. म्हणून ते चार दिवसांत मोडतं.

माझी एक जुनी गोष्ट

हे मी आजवर कुठे सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री माझी तीन युनिट व्हायची होती. रात्र थोडी सोंगं फार. हॉस्टेलवर रात्रभर जागलो. सकाळी सहाला वाटलं, अर्धा तास पडू. डोळे उघडले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पेपर दहाचा होता. आंघोळ नाही, चहा नाही, ओळखपत्र शोधत धावत गेलो. अर्ध्या तासाच्या आत पोचलो म्हणून आत घेतलं. पहिली पंधरा मिनिटं हात थरथरत होता, जे रात्री पाठ केलं होतं ते सगळं पुसून गेलं होतं. तीन मार्कांनी विषय राहिला.

घरी सांगितलं, "पेपर फार अवघड होता." मित्रांनाही तेच. काही दिवसांनी मलाही ते खरं वाटायला लागलं. आणि खरं नुकसान तिथेच झालं. पेपर अवघड होता असं एकदा ठरलं की सुधारायला काही उरतच नाही. पुढच्या सेमिस्टरला मी पुन्हा तसाच अभ्यास केला, म्हणजे शेवटच्या पंधरा दिवसांत. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय मोडायला मला अजून एक वर्ष लागलं.

साधं गणित होतं, पण मी कधी मांडलंच नाही. पाच विषय, प्रत्येकी सहा युनिट, म्हणजे तीस युनिट. सेमिस्टर साधारण पंधरा आठवड्यांचं. आठवड्याला दोन युनिट केली असती तर पुरलं असतं. तेच मी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर ढकललं, म्हणजे रोज दोन युनिट. विषय तेच, पुस्तकं तीच, ओझं मात्र सातपट.

१६८ तास

पुढच्या रविवारी मी कामशेतला गेलो. मामीने पोहे केले आणि आम्ही दोघं वही घेऊन ओसरीवर बसलो. मी म्हटलं, वेळापत्रक नको, आधी जमाखर्च लिहू. आठवड्याचे तास १६८. हे सगळ्यांना सारखेच मिळतात, मॅनेजमेंट कोट्याला एकही जास्त नाही.

तिने लिहायला सुरुवात केली. झोप रोज सात तास म्हणजे ४९. कॉलेज पाच दिवस सात-सात तास म्हणजे ३५. प्रवास, घरापासून वर्गापर्यंत, जाऊन-येऊन तीन तास म्हणजे १५. जेवण, आंघोळ, घरातली कामं रोजचे तीन तास म्हणजे २१. संध्याकाळी ती शेजारच्या मुलांची शिकवणी घेते, ते पाच दिवस दीड-दीड तास म्हणजे साडेसात. बेरीज झाली साडेसत्तावीस वर शंभर, म्हणजे १२७.५. उरले साडेचाळीस तास.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खोटं आहे हे. माझ्याकडे दिवसाला एक तास पण नसतो."

मी म्हटलं, मोबाईलमध्ये बघ. सेटिंग्जमध्ये दिवसाचा सरासरी वापर दिसतो. तिचा निघाला तीन तास वीस मिनिटं. आठवड्याचे तेवीस तासांहून थोडे जास्त. त्यातला काही भाग लोकलमधला होता, म्हणजे तो आधीच प्रवासात मोजला गेला होता. तो सोडला तरी मोबाईलचे आणि कुठे गेले ते न कळलेले मिळून साडेचाळीस तास होतेच.

इथे मी प्रवचन देणार होतो, पण तिने एक वाक्य बोलून मला गप्प केलं. "दादा, शिकवणी संपवून मी आठला मोकळी होते. तेव्हा गणित डोक्यात शिरतच नाही. मग मी मोबाईल घेते."

खरं होतं ते. ती आळशी नव्हती. तिने सगळ्यात अवघड विषय दिवसातल्या सगळ्यात थकलेल्या तासाला ठेवला होता. मोबाईल हे कारण नव्हतं, ती फक्त उरलेली जागा होती. हिशेब मांडल्याशिवाय हे ना तिला दिसलं असतं, ना मला. आम्ही दोघंही मोबाईलला शिव्या देऊन मोकळे झालो असतो.

आपले अंदाज चुकतात, आणि एकाच बाजूला चुकतात

माझ्या कामाचा यात थोडा उपयोग झाला. सॉफ्टवेअरमध्ये रोज कुणीतरी विचारतं, "किती वेळ लागेल?" आणि आम्ही म्हणतो, "दोन दिवस." लागतात चार. या सवयीला मानसशास्त्रात नाव आहे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये त्यावर लिहिलं : काम ठरवताना माणूस सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो आणि मागच्या वेळी काय झालं होतं ते विसरतो.

१९९४ मध्ये रॉजर ब्यूहलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या अभ्यासकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच हे तपासलं. शेवटच्या वर्षाचा प्रबंध किती दिवसांत होईल, असं त्यांना विचारलं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर किती लागतील? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. म्हणजे सगळं वाईट धरूनही अंदाज कमीच पडला.

मामेबहिणीला मी म्हटलं, "एक युनिट किती वेळात होतं?" ती म्हणाली, तीन तास. मी म्हटलं, पाच लिही. ती हसली. पण दोन आठवड्यांनी तिनेच सांगितलं की पहिल्या युनिटला पावणेपाच तास लागले. अंदाज दीडपटीहून थोडा जास्तच धरावा. वेळ उरला तर झोपा, तक्रार कुणीच करणार नाही.

एका वेळी एकच

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकताना आम्हाला थ्रॅशिंग नावाची एक गोष्ट होती. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणून पाठ केली होती, कळली मात्र नंतर. कॉम्प्युटरची रॅम मर्यादित असते. तिच्यात मावतील त्याहून जास्त प्रोग्रॅम एकदम सुरू केले, तर मशीन एकाची माहिती डिस्कवर ठेवतं आणि दुसऱ्याची आणतं, मग पुन्हा पहिल्याची. शेवटी सगळा वेळ या ने-आण करण्यातच जातो. डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो, पंखा जोरात फिरतो, आणि काम पुढे सरकत नाही. आमच्या हॉस्टेलच्या खोलीतल्या सेकंड हँड कॉम्प्युटरची रॅम २५६ एमबी होती, त्यामुळे हा धडा आम्ही रोज प्रत्यक्ष बघायचो.

उपाय काय? मशीनला ओरडून ते जोरात चालत नाही. काही प्रोग्रॅम बंद करावे लागतात.

परीक्षेआधी पाच विषयांची पाच पुस्तकं पलंगावर उघडी टाकून बसलेला मुलगा म्हणजे थ्रॅशिंग. एकाचं पान वाचतो, दुसऱ्याची धास्ती वाटते, तिकडे वळतो. दिवसभर बसलेला असतो, दमलेलाही असतो, पण हाती काही नसतं. आणि आईला वाटतं, पोरगा एवढा अभ्यास करतो तरी मार्क का पडत नाहीत! समर्थ जे दुश्चित मन म्हणतात ते हेच. मन दोन ठिकाणी असलं की कुठेच नसतं. म्हणून बसताना एकच विषय, त्यातलं एकच युनिट, आणि समोर एकच वही.

येताना काय आणलं?

बाहेरून येताना रिकाम्या हाताने येऊ नये, या शिकवणीवर मी बराच वेळ थांबलो. समर्थांच्या डोळ्यांसमोर तेव्हाचं घर असेल, येताना घराला उपयोगी पडेल असं काहीतरी घेऊन यायचं. पण रोज दीड तास लोकलने घरी येणाऱ्या मुलीने काय आणायचं?

गर्दीच्या डब्यात उभं राहून गणित सोडवता येत नाही. पुस्तकही उघडता येत नाही. पण आज वर्गात काय शिकवलं, ते मनातल्या मनात आठवता येतं. पहिला तास कशाचा होता? सरांनी फळ्यावर काय काढलं? ती व्याख्या आपल्या शब्दांत सांगता येते का? अडलं तर तेवढाच शब्द लक्षात ठेवायचा आणि घरी जाऊन बघायचा.

हे फक्त वेळ घालवायला नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्या आजीने ग्रंथ कसे पाठ केले होते, ते आठवा. पोथी मिटून म्हणून बघायची, अडली की उघडायची.

मामेबहिणीने याला "पिशवी" नाव दिलंय. संध्याकाळी मला मेसेज करते, "आजच्या पिशवीत तीन गोष्टी." कधी कधी, "आज पिशवी फाटली, डब्यात भांडण चालू होतं." चालायचंच.

झोप कापू नका

वेळ कमी पडला की आपण पहिला हात झोपेवर टाकतो, कारण ती तक्रार करत नाही. पण ती वसूल करते. माझी वीस मिनिटं आणि तीन मार्क तिनेच वसूल केले. अठरा ते पंचवीसच्या वयात साधारण सात ते नऊ तास झोप लागते, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंत हेच म्हणतात की अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, आणि अति जागणाऱ्यालाही नाही. योगाची ही गत, तर गणिताचं काय! म्हणून जमाखर्चात झोप सगळ्यात आधी लिहायची, उरलं तर नव्हे.

या आठवड्यात करून बघा

१. सात दिवस काहीही बदलू नका. फक्त रात्री झोपताना पाच मिनिटं दिवसाचे तास लिहा. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून खोटं लिहायचं कारण नाही.

२. रविवारी बेरीज करा. आपला ताजातवाना तास कोणता आणि मरगळलेला कोणता, यावर खूण करा. सगळ्यात नावडता विषय ताज्या तासाला द्या. जर्नल उतरवणं, आकृत्या काढणं, कपडे धुणं मरगळलेल्या तासाला.

३. राहिलेली युनिट मोजा, उरलेल्या आठवड्यांनी भागा. जो आकडा येईल तो भिंतीवर लावा. अंदाज दीडपटीहून थोडा जास्त धरा.

४. आठवड्यातले तीन तास कोरे सोडा. पाहुणे येतात, लोकल उशिरा येते, ताप येतो. वेळापत्रकात अडचणीला जागाच नसेल तर ती आल्यावर सगळंच कोसळतं.

५. एखादा दिवस बुडाला तर त्याचं देणं दुसऱ्या दिवसावर टाकू नका. कोऱ्या तासातून जेवढं फिटेल तेवढं फेडा, बाकी सोडून द्या आणि आजचं काम आज करा.

आईवडिलांना एक विनंती. मूल "वेळ मिळत नाही" म्हणालं तर लगेच आळशी म्हणू नका आणि लगेच घरीही बसवू नका. एकदा त्याच्याजवळ वही घेऊन बसा. त्या दिवशी हिशेब संपल्यावर मामाने ती वही वाचली. प्रवासाचे १५ तास आणि शिकवणीचे साडेसात तास त्याने बोटाने पुन्हा मोजले. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पाणी भरायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. तिचा तोच अर्धा तास आता गणिताचा आहे.

तिचे राहिलेले विषय निघतील का, मला माहीत नाही. परीक्षा अजून व्हायची आहे. दुसऱ्या आठवड्यात घरात लग्न होतं, सगळं वेळापत्रक कोलमडलं. पण यावेळी तिने ते फाडून टाकलं नाही, पुढच्या सोमवारपासून पुन्हा सुरू केलं. परवा फोनवर म्हणाली, "दादा, काल आठवड्याची दोन युनिट शुक्रवारीच झाली. रात्री जेवताना मोबाईल घ्यावासाच वाटला नाही. आईने साधी आमटी-भात केला होता, पण काय छान लागला!"

मी हसलो, कारण याच समासात समर्थांनी तेही सांगून ठेवलंय. मन सावध आणि एकाग्र असलं की जेवणही गोड लागतं.

आजचा संकल्प : समर्था, माझ्या हाती आलेल्या तासांचा हिशेब मला खरा लिहिता येऊ दे. चुकलो तर कारणं न शोधता पुन्हा बसण्याची बुद्धी दे. आणि माझ्या घरच्यांनी माझ्यासाठी दिलेला वेळ मला दिसू दे.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥